१४२८५७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूला आमच्या ओटीवर मे महिन्यात मुलांसाठी गणिताचा वर्ग भरतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ही संख्या वर्षभर लिहिलेली असते आणि ती पुसायची नाही, एवढा एकच नियम मी कडक पाळते. मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले आजोबा विचारतात, चिकूचे क्रेट भरायला आलेल्या टेम्पोवाल्यानेही एकदा विचारलं की हा कुणाचा नंबर आहे. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

ही संख्या वाचायची कशी?

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. स्वल्पविराम घालून १,४२,८५७. पण मी मुद्दाम सलग लिहिते, कारण पुढे हे सहा अंक फेर धरणार आहेत आणि फेरात मध्ये खांब नको.

इतक्या संख्या असताना हीच का?

मी आठवीत असताना आजोबांची वाडी विकली गेली. आजोबांना सात मुलं, चार मुलगे आणि तीन मुली. पैसे आले बरोबर दहा लाख. मोठे काका ओटीवर मांडी घालून बसले, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी भागाकार मांडला आणि बाकीचे सहाजण त्यांच्या डोक्यावरून वाकून बघत राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला १,४२,८५७ रुपये आले आणि एक रुपया उरला.

काकांना उरलेलं काही सोडवत नसे. त्यांनी त्या रुपयाचे शंभर पैसे केले आणि पुन्हा सातांनी भागले. चौदा पैसे आले, दोन उरले. पेन्सिल थांबली. "मघाशीही सुरुवातीला चौदाच आले होते ना रे?" असं ते कुणाला तरी म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही, कारण तेव्हा वाटे महत्त्वाचे होते. मी दिलं.

म्हणजे ही १/७ चीच संख्या ना?

हो. १ ÷ ७ = ०.१४२८५७१४२८५७१४२८५७… असं ते कधीच संपत नाही. साधा कॅल्क्युलेटर ०.१४२८५७१ दाखवून थांबतो, तो जागा नसल्यामुळे.

कागदावर स्वतः करून बघा. भागाकारापेक्षा बाकीवर नजर ठेवा:

१० मध्ये ७ एकदा, बाकी ३.
३० मध्ये चार वेळा, बाकी २.
२० मध्ये दोनदा, बाकी ६.
६० मध्ये आठ वेळा, बाकी ४.
४० मध्ये पाच वेळा, बाकी ५.
५० मध्ये सात वेळा, बाकी १.

बाकी पुन्हा १ आली. सुरुवातही एकानेच झाली होती, म्हणून इथून पुढे सगळं जसंच्या तसं घडणार. सातांनी भागताना शून्य सोडून बाक्या सहाच असू शकतात आणि इथे त्या सहाही एकदा एकदा येऊन गेल्या: १, ३, २, ६, ४, ५. काकांचा उरलेला रुपया तो हाच. या पानावरच्या निम्म्याअधिक गमती त्या रुपयातून निघतात.

तिला दोन, तीन, चारने गुणलं की तेच अंक येतात, हे खरं का?

खरं. फक्त जागा बदलतात, क्रम तोच राहतो:

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

मुलं याला जादू म्हणतात. मी त्यांना वरचा भागाकार पुन्हा काढायला लावते. २/७ काढायचं म्हणजे त्याच साखळीत "बाकी २" या पायरीवरून चालायला लागायचं. तिथून पुढे २, ८, ५, ७ आणि मग १, ४. रिंगण एकच आहे, कुणी कुठून आत शिरलं एवढाच फरक. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

या सहा ओळी एकाखाली एक लिहिल्या की कुठल्याही आडव्या ओळीची बेरीज २७ येते आणि कुठल्याही उभ्या रांगेचीही २७. कर्णांची मात्र येत नाही, तेव्हा या मांडणीला पूर्ण जादूचा चौरस म्हणू नका. कर्णही जुळलेले हवे असतील तर १/१९ च्या अठरा ओळी मांडा. तिथे सगळीकडे ८१ येतात. मोठा कागद घ्या.

आणि सातने गुणलं तर?

९९९९९९. रिंगण इथे संपतं. आठने गुणलं तर ११४२८५६ येतात. पुढचा १ काढून मागच्या १४२८५६ मध्ये मिळवा, पुन्हा १४२८५७. उजवीकडून सहा अंक मोजून तोडायचं आणि तुकड्यांची बेरीज करायची, ही युक्ती मोठ्या गुणकांनाही चालते. गुणक सातच्या पाढ्यातला असेल तर शेवटी ९९९९९९ येतात, नाहीतर याच सहा भावंडांपैकी एक.

मधोमध तोडली तर ९९९ येतात, तो योगायोग आहे?

नाही. १४२ + ८५७ = ९९९ आणि १४ + २८ + ५७ = ९९. पहिल्याचं कारण बाक्यांमध्येच दिसतं. १, ३, २ या बाक्यांसमोर ६, ४, ५ ठेवा, प्रत्येक जोडीची बेरीज सात. मिदी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ साली हे सर्वसाधारण रूपात मांडलं. १/१३ = ०.०७६९२३… घेऊन पडताळा, ०७६ + ९२३ = ९९९.

हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं: ८५७ चा वर्ग ७३४४४९, १४२ चा वर्ग २०१६४. वजा करा. ७१४२८५ येतात, म्हणजे पुन्हा आपलीच, पाचपट.

अशा चक्रीय संख्या आणखी आहेत का?

आहेत. पण शून्याने सुरू न होणारी, दशमान पद्धतीतली ही एकटीच (एका अंकाचा १ सोडला तर). पुढची १/१७ पासून निघते: ०५८८२३५२९४११७६४७. अंक सोळा, आणि पुढचं शून्य टाकून चालत नाही, तेही रिंगणात फिरतं. शंभराच्या आत अशा मूळ संख्या नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७.

त्या अनंत आहेत का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. एमिल आर्टिन यांनी १९२७ साली अनंत असाव्यात असा अंदाज मांडला. १९६७ मध्ये क्रिस्तोफर हूली यांनी तो सिद्ध केला, पण रीमानचं व्यापक गृहीतक (मूळ संख्यांच्या वाटणीशी जोडलेलं एक मोठं अनुमान) खरं धरून, आणि ते गृहीतकच अजून सिद्ध व्हायचं आहे. आठवीतल्या भागाकारातून इथपर्यंत पोचता येतं, हे मुलांना सांगताना मला दरवर्षी नव्याने बरं वाटतं.

ही मूळ संख्या आहे की संयुक्त?

संयुक्त. १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७.

अंकांची बेरीज २७, तेव्हा नऊने भाग जाणार हे उघड. अकराची कसोटी लावा: उजवीकडून ७ − ५ + ८ − २ + ४ − १ = ११, भाग जातो. तेरा आणि सदतीससाठी कसोटी आठवण्यापेक्षा सरळ भागून बघणं सोपं. एकूण विभाजक ३२.

तिच्या बाकीच्या जाती कुठल्या?

विषम आहे. पूर्ण वर्ग नाही, पण ३७८ चा वर्ग १४२८८४, म्हणजे फक्त २७ ने हुकली. आणि २७ ही तिच्याच अंकांची बेरीज! यामागे काही कारण मला दिसत नाही, हा निव्वळ योगायोग समजा. त्रिकोणी संख्या (१ + २ + ३ + … अशा बेरजेतून येणारी) नाही. उलटसुलट सारखी वाचली जात नाही. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही, कारण ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या ३ आणि ११ या मूळ संख्या तिच्यात विषम वेळा येतात.

स्वतःला वगळून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज ११२५०३ होते. ती तिच्यापेक्षा कमी, म्हणून ती न्यून संख्या. बेरीज तेवढीच झाली असती तर परिपूर्ण म्हटली असती.

डहाणूशी तिचा काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा जरा लांबण लागेल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी इथेच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूत जन्मले. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. (हे परांजपेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले.) पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. विद्यापीठातली खुर्ची नाही, पीएच.डी. नाही. वही, पेन्सिल आणि संख्या. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. १९८६ मध्ये ते गेले.

संख्यांना जाती ठरवून नावं देण्याचा त्यांना नाद होता आणि नावंही कशी, तर घरची. त्यांच्या अशाच एका जातीला, डेम्लो संख्यांना, नाव मिळालं ते रेल्वे स्टेशनवरून. आजचं डोंबिवली तेव्हा डेम्लो म्हणून ओळखलं जाई, तिथे ती कल्पना सुचली म्हणून. त्यांनी ठरवलेल्या तीन जाती अशा आहेत की आपली १४२८५७ तिन्हींमध्ये बसते. खाली एकेक सांगते.

पहिली : कापरेकर संख्या म्हणजे काय?

संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे पाडा, बेरीज करा. मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आता आपली:

१४२८५७ × १४२८५७ = २०४०८१२२४४९
२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

का येते? पुन्हा तोच रुपया. १४२८५७ ला सातांनी भागलं की बाकी १ उरते, म्हणजे १४२८५६ = ७ × २०४०८. कुठल्याही संख्येचा वर्ग म्हणजे ती संख्या, अधिक ती संख्या गुणिले तिच्याहून एकने कमी. तेव्हा वर्ग = १४२८५७ + १४२८५७ × ७ × २०४०८ = १४२८५७ + ९९९९९९ × २०४०८. आता ९९९९९९ च्या जागी "दहा लाख वजा एक" ठेवा. २०४०८ पुढे जाऊन बसतात आणि मागे १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ राहतात. जे पुढे गेलं तेच मागून वजा झालं, मग बेरीज तीच येणार.

दहा लाखातून १४२८५७ वजा केले की ८५७१४३ राहतात. तीही कापरेकर संख्या आहे. मे महिन्यात मी हा गृहपाठ देते.

दुसरी : हर्षद संख्या?

जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती. हर्षद म्हणजे हर्ष देणारी, हे नावही कापरेकरांचंच. अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. बसली.

गंमत म्हणजे इंग्रजी गणितात "हॅपी नंबर" अशी वेगळीच जात आहे. तिथे अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत १ वर पोचावं लागतं. आपली संख्या १५९, १०७, ५०, २५, २९, ८५, ८९ अशी जाते आणि ८९ च्या फेऱ्यात कायमची अडकते. हर्षद आहे, हॅपी नाही. आमच्या आळीत अशी दोन-तीन माणसं आहेत.

तिसरी : देवळाली संख्या?

कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ पासून २१ + ३ = २४. म्हणजे २४ चा जनक २१. काही संख्यांना मात्र जनकच नसतो, देवळातल्या स्वयंभू पाषाणासारख्या त्या आपापल्या असतात. त्या देवळाली संख्या, कापरेकरांच्या गावचं नाव ल्यालेल्या.

१४२८५७ ला जनक आहे का? संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागल्यावर बाकी सारखीच उरते. आपली संख्या नऊच्या पाढ्यातली असल्याने जनकाच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातलीच हवी: ९, १८, २७, ३६, ४५ किंवा फार तर ५४. सहाच उमेदवार उरतात:

१४२८४८ (बेरीज ९ हवी, आहे २७)
१४२८३९ (हवी १८, आहे २७)
१४२८३० (हवी २७, आहे १८)
१४२८२१ (हवी ३६, आहे १८)
१४२८१२ (हवी ४५, आहे १८)
१४२८०३ (हवी ५४, आहे १८)

एकही जुळत नाही. जनक नाही. हे मी पहिल्यांदा तपासलं ते डहाणूहून चर्चगेटला जाताना, लोकलमध्ये, तिकिटाच्या मागे. पालघर येईपर्यंत झालं होतं आणि उरलेला सगळा प्रवास मी उगाच हसत बसले होते.

कापरेकरांची ती ६१७४ वाली कृती हिच्यावर केली तर?

६१७४ त्यांना १९४९ मध्ये सापडली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. असं करत राहिलं की ६१७४ वर येऊन थांबतं. सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. आपल्या संख्येवर करा:

८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३

तिथून पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२ आणि पुन्हा ७५०८४३. सात संख्यांचं रिंगण. शेवटून दुसरी नीट बघा. ८५१७४२ चे अंक आपल्याच संख्येचे आहेत, फक्त विस्कटलेले.

हे सगळं दहाच्या पद्धतीमुळे आहे का?

बरचसं, हो. मूळ अवयव, विभाजकांची संख्या, न्यून असणं, वर्ग नसणं हे गुण संख्येच्या अंगचे. ती रोमनमध्ये लिहा, बायनरीत १०००१०१११०००००१००१ अशी लिहा, किंवा तेवढे चिकू ढिगाने ओता, ते बदलत नाहीत. पण चक्रीय, कापरेकर, हर्षद, देवळाली हे गुण तिच्या लिखाणाचे. आपल्याला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजलं असतं तर १/७ म्हणजे ०.१११… एवढंच झालं असतं आणि माझा फळ्याचा कोपरा रिकामा राहिला असता.

काही गणिती यामुळेच या जातींना कमी लेखतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण लिखाण आपलं आहे, मग त्यातल्या नक्ष्यांकडे बघायला कशाला लाजायचं?

π शी काही नातं?

π शी नाही, २२/७ शी आहे. २२/७ = ३.१४२८५७१४२८५७… खरा π ३.१४१५९२… असा जातो. म्हणजे "त्रिज्या ७ सेमी" अशी गणितं सोडवताना दशांशचिन्हानंतरचे दोनच अंक बरोबर असतात, तिसऱ्यापासून आपण आमच्या संख्येत शिरलेले असतो. आर्किमिडीजला हे ठाऊक होतं. π हा २२/७ पेक्षा लहान आणि २२३/७१ पेक्षा मोठा, असं त्याने दाखवलं होतं.

ही संख्या पिरॅमिडमध्ये सापडली असा मेसेज आलाय.

मलाही दर दिवाळीला येतो. प्राचीन इजिप्तमध्ये दशांश अपूर्णांक लिहायची पद्धतच नव्हती. ते एक सप्तमांश हा "सातवा भाग" अशा खुणेने लिहीत. दशांशचिन्हाशिवाय आवर्ती अंक दिसणार कुठून? पुढे पाठवू नका.

याचा व्यवहारात उपयोग काय?

या एका संख्येचा फारसा नाही. तिच्यामागच्या कल्पनेचा आहे. बाक्यांची साखळी पुन्हा बघा: १, ३, २, ६, ४, ५. प्रत्येक पायरीला दहाने गुणायचं आणि सातांनी भागून उरेल ते ठेवायचं. "पाच पायऱ्यांनंतर काय?" हे सांगणं सोपं. "५ कितव्या पायरीला येतात?" हेही सोपं, कारण पायऱ्या सहाच. पण सातऐवजी शेकडो अंकांची मूळ संख्या घेतली तर पहिला प्रश्न सोपाच राहतो आणि दुसरा संगणकालाही झेपत नाही. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ साली याच एकेरी वाटेवर, संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली दोघांत ठरवण्याची पद्धत उभारली.

आज सोमवार, तर १४२८५७ दिवसांनी कोणता वार?

मंगळवार. सातांनी भागल्यावर एक उरतो ना! साधारण ३९१ वर्षं लागतील.

तो उरलेला एक रुपया कुठे गेला?

मोठ्या आत्याने तो पदराला बांधला. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून त्याच्या पाच पैशाला एक अशा लिमलेटच्या गोळ्या आणल्या, वीस. घरात आम्ही पोरं तेरा. एकेक वाटून झाल्यावर सात उरल्या, त्या सातही भावंडांनी ओटीवर बसून चोखल्या. काकांनी पंचांगाच्या त्या पानावर खाली "बाकी ०" असं लिहिलं आणि दोन रेघा ओढल्या.